बीगलचं पोट आणि आपली गोळी

कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांसाठी हा भाग आधीच आलाय. वाचणाऱ्यांसाठी इथे उतरवून ठेवतेय. मधले 'अं', 'म्हणजे बघा' आणि मागून जाणारा भंगारवाल्याचा भोंगा तेवढा गाळलाय.

नवीन लोकांसाठी आधी एक सांगते. मी औषधांच्या क्षेत्रात काम करते, पण नवं रसायन शोधणारी मी नव्हे. शोधणारे शोधतात आणि एक पांढरी पावडर आमच्या हातात देतात. तिची गोळी कशी करायची, ती पोटात विरघळेल का, रक्तात पोचेल का, ही आमच्या टीमची डोकेदुखी. 'पोटात' हा शब्द इथे महत्त्वाचा. कारण गोळी तुमच्या पोटात जाण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात गेलेली असते. आधी उंदीर, मग बहुतेक वेळा कुत्रा. कुत्रा म्हणजे बीगल, लांब कानांचा आणि मध्यम चणीचा. माणसांवर चाचणी करण्याआधी औषधाची सुरक्षितता साधारण दोन प्रकारच्या प्राण्यांत बघावी लागते. एक उंदीरवर्गातला आणि एक त्याबाहेरचा. त्या दुसऱ्या जागेवर बीगल वर्षानुवर्षं बसलाय.

प्रश्न साधा आहे. या प्राण्यांचं पोट आपल्यासारखं आंबट असतं का?

आता तुम्ही म्हणाल, ॲसिड ते ॲसिड, कमी काय आणि जास्त काय. तर थोडं पीएचबद्दल बोलू. शाळेत पाठ केलेलं विसरलात तरी चालेल, एवढंच ध्यानात ठेवा की आकडा जितका लहान तितकं ॲसिड कडक, आणि आकडा एकने वाढला की ॲसिड दहापट कमी होतं. एकने दहापट, दोनने शंभरपट, तीनने हजारपट. त्यामुळे पीएच 2 आणि पीएच 4 हे कागदावर शेजारी दिसले तरी प्रत्यक्षात त्यांच्यात शंभरपटीचा फरक आहे.

रिकाम्या पोटी निरोगी तरुण माणसाचा पीएच 1990 साली 24 जणांवर नीट मोजला गेला. मधला आकडा आला 1.7. जेवल्यावर तो वर चढतो, थोड्या वेळापुरता 6.7 पर्यंतसुद्धा, कारण अन्न ॲसिड शोषून घेतं. साधारण दोन तासांत पोट परत आपल्या जागेवर येतं.

उंदराचं काय? 2008 साली लंडनमधल्या संशोधकांनी रॅट आणि माऊस दोघांची आतडी तपासली. (मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण प्रयोगशाळेत रॅट वेगळा आणि माऊस वेगळा.) उपाशी रॅटच्या पोटाचा पीएच 3.9 आला, माऊसचा 4.0. आणि खाल्लेलं असताना? 3.2 आणि 3.0. म्हणजे उलटंच! आपल्यात खाल्ल्यावर आंबटपणा कमी होतो, यांच्यात उपाशी असताना कमी. 1.7 आणि 3.9 मधला फरक मोजा, दीडशेपटीहून जास्त निघतो.

त्यात उंदराला 'उपाशी' ठेवणं हाच एक विनोद आहे. तो स्वतःची लेंडी खातो. किळस करू नका, त्याच्यासाठी ती पौष्टिक गोष्ट आहे, पहिल्या फेरीत न मिळालेली जीवनसत्त्वं दुसऱ्या फेरीत मिळतात. पण आम्ही नोंदवहीत 'रात्रभर उपाशी' लिहितो आणि साहेब आत काहीतरी चावून बसलेले असतात. पिंजऱ्यातला भुसासुद्धा खातात. ससा तर आणखी वरचढ, त्याचं पोट रात्रभर उपाशी ठेवूनही रिकामं होत नाही. शिवाय रॅटला पित्ताशयच नसतं, पित्त सतत ठिबकत राहतं. गोळी गिळण्याचा प्रश्नच येत नाही. औषध पाण्यात कालवून बारीक नळीने थेट पोटात सोडतात.

मग कुत्रा बरा, असं वाटतं. आकाराने मोठा, माणसाची अख्खी गोळी गिळू शकतो, पोटाची रचनाही बरीच आपल्यासारखी. आणि खरी गंमत इथेच सुरू होते.

1986 साली बीगलला एक छोटी रेडिओ कॅप्सूल गिळायला देऊन पीएच मोजला. उपाशी कुत्र्यात तो दोनच्या जवळपास आला. छान, माणसासारखाच. 2000 साली जपानमधल्या एका गटाने मोजला, तर काही कुत्र्यांत पीएच आठच्या वर, आणि सरासरी 6.8. म्हणजे जवळजवळ साधं पाणी! मग 2009 मध्ये वेगळी कॅप्सूल वापरून पुन्हा मोजणी झाली आणि आकडा परत दोनच्या आसपास. तीन चांगल्या प्रयोगशाळा, एकाच जातीचा कुत्रा, आणि उत्तरांत लाखपटीचा फरक. कोणी खोटं बोलत नव्हतं.

कारण शोधायचं तर शंभर वर्षं मागे जायला लागतं. पावलोव्ह आठवतोय? घंटा वाजवली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तोच रशियन शास्त्रज्ञ. त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते घंटेसाठी नव्हे, पचनाच्या अभ्यासासाठी. त्याने शस्त्रक्रिया करून कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी बाहेर उघडली. कुत्रा खायचा, अन्न मानेतून बाहेर पडायचं, पोटात एक कणही जायचा नाही. तरी पोटातून पाचकरस नळीने भरभरून बाहेर यायचा. नुसत्या खाण्याच्या कल्पनेने! (तो रस गाळून अपचनाचं औषध म्हणून विकला जायचा आणि प्रयोगशाळेला त्यातून पैसा मिळायचा. हे वाचल्यावर माझं स्वतःचं जेवण एक दिवस कमी झालं होतं.)

कुत्र्याचं पोट असं चालतं. काही खायचं नसेल तेव्हा तो फारसं ॲसिड बनवतच नाही. माणसाच्या पोटात रिकाम्या वेळीही थोडं थोडं ॲसिड झिरपत असतं, कुत्र्यात ते फार कमी. पण खाण्याचा वास आला, रोज वाटी आणणारा माणूस दारात दिसला, की नळ सुटतो. आता तुम्हीच सांगा, गोळी द्यायला पिंजऱ्याशी जाणारा माणूस आणि जेवण घेऊन जाणारा माणूस एकच असेल तर त्या सकाळी पीएच किती? एका कुत्र्याचा एक, शेजारच्याचा दुसरा. कालचा वेगळा, आजचा वेगळा.

आता 'मग काय बिघडलं' या प्रश्नाकडे येऊ.

घरात तांब्याचं भांडं काळं पडलं की आजी चिंच लावते. पाण्याने घासून तो काळा थर जात नाही, चिंचेने झटक्यात जातो. गीझरमध्ये किंवा किटलीत बसलेला पांढरा क्षारही तसाच, साध्या पाण्यात हलत नाही, लिंबू पिळलं की फसफसून विरघळतो. काही पदार्थ असे असतात की आंबट मिळाल्याशिवाय विरघळतच नाहीत. आमच्या भाषेत त्यांना वीक बेस म्हणतात, आणि आजकालची बरीच औषधं या जातीची आहेत. बुरशीवरची केटोकोनाझोल आणि इट्राकोनाझोल, रक्ताच्या कॅन्सरवरचं डासॅटिनिब, एचआयव्हीवरची अटाझानावीर आणि इंडिनावीर. कडक ॲसिडमध्ये ती पटकन विरघळतात, साध्या पाण्यात मात्र वाळूसारखी तळाशी बसून राहतात. आणि न विरघळलेलं औषध रक्तात जात नाही. आतड्याच्या भिंतीतून जातो तो विरघळलेला रेणू, खडा नाही.

म्हणजे ज्या कुत्र्याच्या पोटात त्या सकाळी ॲसिड होतं त्याच्या रक्तात औषध भरपूर. ज्याच्या पोटात नव्हतं त्याच्या रक्तात जवळजवळ शून्य. गोळी तीच.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी असा एक रिपोर्ट आमच्याकडे आला होता. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने कुत्र्यांवर केलेला अभ्यास होता. रिपोर्टात निष्कर्ष असा, की औषधाचं शोषण कमी आणि अतिशय अनियमित. मीटिंगमध्ये हा रेणू सोडून द्यायचं जवळपास ठरलं होतं. सोडून द्यायचं म्हणजे कित्येक जणांची कित्येक वर्षं कचऱ्यात, आणि ज्या आजारासाठी ते होतं त्याच्या रुग्णांना तर कळणारही नाही की असं काही येणार होतं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाई, निवृत्तीला आलेल्या, कोपऱ्यात बसलेल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुत्र्यांच्या पोटाचा पीएच किती होता हो?" पानं उलटली गेली. कोणी मोजलाच नव्हता.

पुन्हा अभ्यास झाला, या वेळी तीन प्रकारे. पहिल्यांदा कुत्र्यांना पेंटागॅस्ट्रिनचं इंजेक्शन. आपल्या शरीरात गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन पोटाला 'ॲसिड सोड' असा निरोप देतं, पेंटागॅस्ट्रिन ही त्याची प्रयोगशाळेत बनवलेली छोटी नक्कल. गोळीच्या साधारण अर्धा तास आधी टोचलं की कुत्र्याचं पोट माणसासारखं कडक आंबट होतं. दुसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्यांदा फॅमोटिडिन, म्हणजे ॲसिड बंद करणारी गोळी. मधे औषध अंगातून पूर्ण निघून जायला वेळ दिला आणि तेच कुत्रे तिन्ही वेळा वापरले. ही पद्धत आमची नाही, जगभर अशीच करतात. जपानमध्ये तर पोटाचा आंबटपणा ताब्यात ठेवलेले बीगल हा 1980 च्या दशकाच्या अखेरपासूनचा गंभीर विषय आहे, कारण तिथे म्हाताऱ्या माणसांत पोटात ॲसिडच न बनणाऱ्यांचं प्रमाण बरंच होतं.

आलेख आले. पेंटागॅस्ट्रिनवाले कुत्रे, सगळ्यांची रेघ उंच आणि एकमेकांच्या जवळ. काहीच न दिलेले, विस्कटलेले. फॅमोटिडिनवाले, जमिनीला चिकटलेले. तीन ओळींचं चित्र होतं, पण त्या खोलीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. रेणू वाचला. पण तिसऱ्या रेघेने दुसरी काळजी लावून दिली.

तिकडे वळण्याआधी सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फारशी बोलली जात नाही. कुत्र्याला मोठा डोस दिला आणि त्याला काही झालं नाही, तर औषध सुरक्षित म्हणायचं का? त्याच्या रक्तात ते पोचलंच नसेल तर? पोटात खडा राहिला आणि शेणातून, सॉरी, विष्ठेतून बाहेर पडला, तर तो कुत्रा आपल्याला काहीच सांगत नाहीये. म्हणून अशा अभ्यासात दिलेल्या डोसपेक्षा रक्तात किती सापडलं त्याला महत्त्व असतं, आणि माणसाला किती द्यायचं हे त्यावरून ठरतं. माझं स्वच्छ मत आहे, की पोटाचा पीएच न बघता असा अभ्यास करणं म्हणजे प्राण्याचा जीव फुकट वापरणं. भारतात प्रत्येक प्राणी-प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि तिथे 'कमीत कमी प्राणी वापरा' हे बजावून सांगतात. चुकीच्या पोटावर केलेला प्रयोग परत करावा लागतो. मग कमी कुठे झाले?

आता तिसरी रेघ. फॅमोटिडिनवाला कुत्रा कोण आहे माहितीये? तो तुमचे बाबा आहेत. तुमची मावशी आहे. कदाचित तुम्हीच आहात.

सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. डॉक्टरांनी कधीतरी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली, मग मेडिकलवाल्याला नुसतं 'ती ॲसिडिटीची द्या' म्हटलं की मिळते, आणि दोन आठवड्यांची पाच वर्षं होतात. या गोळ्या काम चोख करतात, ॲसिड खरंच थांबतं. पण मग ज्या औषधाला ॲसिड हवं त्याचं काय?

डासॅटिनिब घ्या. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर, सीएमएलवर, 2006 पासून वापरात आहे. फॅमोटिडिन दहा तास आधी घेतलं तरी डासॅटिनिबचं रक्तातलं एकूण प्रमाण 61 टक्क्यांनी घटतं. दहा तास आधी! म्हणजे रात्री झोपताना ॲसिडिटीची गोळी आणि सकाळी कॅन्सरची, तरी अर्ध्याहून जास्त औषध वाया. रुग्ण एकही दिवस चुकवत नाही, पैसे मोजतो, आणि रक्तात औषध नाही. रिपोर्ट बिघडला की वाटतं आजार वाढला.

गंमत म्हणजे यावर एक साधा प्रयोगही झालाय. 2014 साली आलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना आधी रॅबेप्राझोलने ॲसिड बंद केलं आणि डासॅटिनिब दिलं. रक्तातलं प्रमाण 78 टक्क्यांनी पडलं. मग त्यांनाच सोबत बीटेन हायड्रोक्लोराइड दिलं, पोटाला थोड्या वेळापुरतं ॲसिड पुरवणारी पावडर. प्रमाण जवळपास पूर्ववत झालं. कुत्र्यात जे पेंटागॅस्ट्रिन करतं तेच इथे वेगळ्या वाटेने झालं.

दुसरी वाट आम्हा गोळीवाल्यांची. पोटात आंबट नसेल तर गोळीतच आंबट घालून पाठवा! रक्त पातळ ठेवणारं डाबिगाट्रान नावाचं औषध आहे. त्याच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात, प्रत्येक दाण्याच्या गाभ्यात टार्टारिक ॲसिड आणि त्याच्याभोवती औषधाचा थर. टार्टारिक ॲसिड म्हणजे कोणतं? चिंचेतलं. आजीचं तांब्याचं भांडं आठवा. म्हणूनच ती कॅप्सूल फोडून, दाणे काढून घेऊ नका असं स्पष्ट सांगितलेलं असतं, शोषण भलतंच वाढतं आणि रक्तस्रावाचा धोका होतो. आमच्या त्या रेणूलाही शेवटी असंच आंबट सोबती द्यावं लागलं. मग फॅमोटिडिनवाल्या कुत्र्यांची रेघ जमिनीवरून उठली. पेंटागॅस्ट्रिनएवढी उंच नाही, पण उठली.

उलटी औषधंही असतात बरं का. साधं पेनिसिलिन पोटातल्या ॲसिडमध्ये मोडतं, म्हणून ते टोचायचं. नवजात बाळाच्या पोटात ॲसिड फार कमी, त्यामुळे त्याच्यात तेच पेनिसिलिन तोंडावाटे दिलं तरी मोठ्यांपेक्षा चांगलं शोषलं जातं. आणि ज्या गोळ्यांवर ॲसिडपासून वाचवणारं आवरण असतं, ते आवरण पीएच चढला की विरघळतं. ते आतड्यात विरघळायला हवं. आता ॲसिड नसलेला बीगल घ्या. आवरण पोटातच सुटतं आणि आपण म्हणतो, गोळी खराब.

ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी विचारलं, की प्राणी कशाला हवेत मग? रास्त प्रश्न आहे. काचेच्या दोन भांड्यांत पोट आणि आतडं उभं करून गोळी एका भांड्यातून दुसऱ्यात नेता येते. नेदरलँड्समध्ये पोट-आतड्याचं चालतं यंत्रच बनवलंय. कॉम्प्युटरवर पीएच, आतड्याची लांबी, औषधाची विद्राव्यता टाकून रक्तातली रेघ आधीच काढता येते. भारताच्या नियमांत 2023 च्या बदलानंतर अशा प्राण्याविना पद्धतींना जागा मिळाली आहे. विरघळण्याच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर मला ही भांडी कुत्र्यापेक्षा जास्त विश्वासू वाटतात. त्यांना भूक लागत नाही आणि वाटीवाला माणूस ओळखता येत नाही. पण यकृत औषधाचं काय करेल, हृदयावर काय होईल, हे अजून भांडं सांगत नाही.

शेवटी इनबॉक्समधला एक प्रश्न, कारण तो तिघा-चौघांनी विचारलाय. "ताई, कोल्डड्रिंकसोबत गोळी घेतली तर चांगली लागते म्हणतात, खरं का?"

अफवा नाहीये ती. 1995 साली ओमेप्राझोल घेतलेल्या लोकांना केटोकोनाझोल कोकाकोलासोबत दिलं, आणि शोषण खरंच वाढलं. कोला पीएच अडीचच्या आसपास असतो, पोटाचं काम तो तात्पुरतं करतो. अमेरिकेत त्या गोळीच्या माहितीपत्रकात तसा सल्लाही आहे, तोही डाएट नसलेल्या कोलासोबत. पण हे त्या एका जातीच्या औषधापुरतं. केटोकोनाझोलच्या गोळ्या आता यकृताच्या त्रासामुळे फारशा देतही नाहीत. तुमची गोळी कोणत्या जातीची हे तुम्हाला आणि मला घरबसल्या ठरवता येणार नाही. तेव्हा पाण्यासोबतच घ्या.

त्यापेक्षा एक करा. घरात कोणी रोज ॲसिडिटीची गोळी घेत असेल आणि सोबत थायरॉइडची, लोहाची, बुरशीची, एचआयव्हीची किंवा कॅन्सरची गोळी चालू असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. 'ती तर नुसती ॲसिडिटीची' म्हणून ते एक पाकीट घरी राहतं, आणि नेमकं तेच दाखवायचं असतं. स्वतःच्या मनाने बंद मात्र काहीच करू नका, ॲसिडिटीचीसुद्धा नाही.

पुढच्या भागात गोळीवर मधोमध रेघ का असते आणि ती नसताना गोळी अर्धी केली तर काय होतं, ते बघू. प्रश्न पाठवत राहा. भेटूया!